वर्गात न हसणारं एक मूल

मंडळी, मराठीत हसण्या-हसवण्यासाठी किती शब्द आहेत हे कधी मोजलंय का? गंमत, मस्करी, थट्टा, चेष्टा, फिरकी, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा, विटंबना... समानार्थी शब्द शिकवताना मी हे सगळे फळ्यावर एकाखाली एक लिहीत असे आणि वर्गाला विचारत असे, "हे खरंच समानार्थी आहेत का रे?" मुलं हुशार असतात. थोडी वादावादी झाली की त्यांच्याच लक्षात यायचं की ही एक उतरण आहे. वरच्या पायरीवर दोघंही हसतात. मधल्या पायरीवर एक हसतो आणि दुसरा कसनुसं हसतो. खालच्या पायरीवर एक हसतो आणि दुसरा मान खाली घालतो. आणि पायरी कोणती आहे, हे हसणाऱ्याला उशिरा कळतं. ज्याला हसलं जातं त्याला मात्र लगेच.

हे सगळं आज आठवायला कारण झाले ते अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरचे जुने विनोदी चित्रपट. दचकू नका! पंचाहत्तरीच्या बाईने या विषयात का नाक खुपसावं, असं काहीजणांना वाटेल. पण मुलीकडे शिकागोच्या उपनगरात चार महिने राहायचं म्हणजे बाहेर बर्फ आणि घरात टीव्ही, असा मामला असतो. त्यात नात सोळा वर्षांची झाली. आमचे जावई नव्वदच्या दशकात शिकायला म्हणून इकडे आले. अमेरिकन शाळा, तिथली कपाटं, तिथल्या मुलांच्या पार्ट्या, हे सगळं त्यांना आधी कळलं ते या चित्रपटांतूनच. त्यांनी मोठ्या हौसेने ठरवलं, की लेकीच्या सोळाव्या वाढदिवसाला 'सिक्स्टीन कँडल्स' दाखवायचा. सोळा मेणबत्त्या! नातीच्या चार मैत्रिणी आल्या, पॉपकॉर्न झालं, आणि पाऊण तासात चित्रपट बंद पडला. म्हणजे मुलींनी बंद केला.

जावई खट्टू झाले. मला म्हणाले, "आई, तुम्हीच सांगा, साधा विनोदी सिनेमा आहे. तेव्हा कुणालाही काही वाटत नव्हतं. हल्लीच्या मुलांना कशाचंही वाईट वाटतं." नात म्हणाली, "आजी, असले सिनेमे दाखवूच नयेत." मी दोघांच्या मध्ये सोफ्यावर!

आता, कुणाला काय आवडावं यावर मी बोलणार नाही. पण "तेव्हा कुणालाही काही वाटत नव्हतं" हे निव्वळ मत नाही. ते इतिहासाबद्दलचं विधान आहे, आणि अनेक वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला असं विधान तपासल्याशिवाय झोप येत नाही. मग पुढचे दोन महिने मी एकेक करून ते चित्रपट पाहिले, त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं, नातीला शंका विचारल्या. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ या काळात पडद्यावर काय दाखवायचं याची एक कडक आचारसंहिता होती. ती गेली आणि १९६८ साली वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. दारं उघडली. १९७३ साली जॉर्ज ल्युकसने 'अमेरिकन ग्राफिटी' काढला, त्यात शाळा संपलेल्या मुलांची एका रात्रीची हळवी गोष्ट होती. १९७८ साली 'ॲनिमल हाउस' आला. कॉलेजच्या टारगट मुलांचा हा धुडगूस सुमारे ३० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने १० कोटींहून जास्त कमावले. असा नफा दिसल्यावर काय होणार? रांगच लागली. 'पोर्कीज' हा चित्रपट मुलींच्या न्हाणीघरात भोकातून डोकावणाऱ्या मुलांमुळे गाजला आणि त्यानेही १० कोटींचा आकडा ओलांडला. १९८४ सालच्या 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स'मध्ये तर नायक मुखवटा घालून एका मुलीला आपण तिचा मित्रच आहोत असं भासवतो, तिला फसवतो, आणि मुखवटा काढल्यावर ती त्याच्या प्रेमात पडते!

या गर्दीत जॉन ह्यूज आला. जन्म १८ फेब्रुवारी १९५०, म्हणजे अगदी माझ्या वयाचा. बालपण मिशिगनमध्ये, मग शिकागोजवळच्या नॉर्थब्रूक गावात शाळा. 'होम अलोन' तुम्ही सगळ्यांनी नातवंडांबरोबर पाहिला असेल, त्याचा लेखक हाच. २००९ साली तो गेला. १९८४ साली त्याने 'सिक्स्टीन कँडल्स' दिग्दर्शित केला, १९८५ साली 'द ब्रेकफास्ट क्लब', १९८६ साली 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ'. त्याचं वेगळेपण असं, की चौदा-सोळा वर्षांच्या मुलांचं दुःख हे खरं दुःख असतं असं त्याने मानलं. 'सिक्स्टीन कँडल्स'ची कल्पनाच पहा: घरात मोठ्या बहिणीचं लग्न, आणि त्या गडबडीत सगळं घर धाकटीचा सोळावा वाढदिवस विसरतं! लग्नघर पाहिलेल्या कुणाही मराठी माणसाला हे पटेल. ती मुलगी, सॅमँथा, मॉली रिंगवाल्डने साकारली, आणि चित्रीकरणाच्या वेळी ती खरोखरच पंधरा-सोळा वर्षांची होती. वडील शेवटी रात्री येऊन तिची माफी मागतात तो प्रसंग पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग मुलींनी चित्रपट बंद का केला?

दोन कारणं. पहिलं म्हणजे सॅमँथाच्या आजी-आजोबांकडे राहायला आलेला परदेशी विद्यार्थी, लाँग डक डाँग. त्याचं नाव हाच एक विनोद. तो दिसला की मागे घंटेचा 'ढण्ण' असा आवाज होतो, म्हणजे प्रेक्षकांनी हसावं याची खूण. त्याचं इंग्रजी मोडकं, वागणं बावळट. ही भूमिका करणारा गेडी वातानाबे मात्र अमेरिकेतल्याच युटा राज्यात जन्मलेला! नातीच्या चौघी मैत्रिणींपैकी एकीचे आजी-आजोबा कोरियातून आलेले. पहिल्या 'ढण्ण'ला सगळ्या हसल्या, तीही हसली. तिसऱ्याला ती म्हणाली, "माझ्या बाबांना शाळेत याच नावाने हाक मारायचे." झालं. पुढे कुणाला हसू येणार?

दुसरं कारण मला नातीने नंतर दाखवलं, कारण तिथवर त्या पोचल्याच नव्हत्या. ज्या देखण्या मुलावर सॅमँथाचं मन बसलंय, त्याची एक मैत्रीण असते, कॅरोलाइन. पार्टीत ती दारू पिऊन बेशुद्धीच्या जवळ पोचते. हा देखणा मुलगा तिला वडिलांच्या रोल्स रॉइसमध्ये घालून एका दुसऱ्याच, वयाने लहान मुलाच्या हवाली करतो आणि वर सुचवतो की हिच्याशी काहीही केलं तरी हिला कळणार नाही. तो मुलगा तिच्याबरोबर फोटो काढून घेतो. सकाळी दोघांनाही रात्रीचं आठवत नसतं, पण काहीतरी झालं असावं असं दोघांना वाटतं, आणि मुलगी हसून म्हणते की तिला ते आवडलं असावं. पडद्यावर सगळं गोड संगीतात. देखणा मुलगा चित्रपटाचा नायकच राहतो.

मंडळी, हे मी लिहितानाही मला जड जातंय. पण लिहायला हवं, कारण माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

"तेव्हा कुणालाही काही वाटत नव्हतं." खरंच?

पहिला पुरावा. १९८२ साली 'फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय' नावाचा चित्रपट आला. शिकागोचे प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी त्याला चारपैकी एकच तारा दिला. त्यांचा राग कशावर होता? शाळकरी मुलीच्या अवघडलेपणाचा, तिच्या वाट्याला आलेल्या अपमानाचा विनोदासाठी वापर केला यावर. हे १९८२ सालीच, छापील वर्तमानपत्रात! आता गंमत अशी, की या चित्रपटाची दिग्दर्शक एक स्त्री होती, एमी हेकर्लिंग, आणि आज बरेच लोक म्हणतात की तो चित्रपट उलट मुलीच्याच बाजूचा आहे. तिची फसगत, तिचा गर्भपात, हे सगळं त्यात तिला दोष न देता दाखवलंय. २००५ साली तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहसूचीत घेतला गेला. मलाही पाहताना तसंच वाटलं. म्हणजे न हसणारा प्रत्येक वेळी बरोबरच असतो असं नाही, हेही नोंदवून ठेवते. पण तो तेव्हाही होता, एवढं नक्की.

दुसरा पुरावा खुद्द नायिकेचा. मॉली रिंगवाल्डने २०१८ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात या चित्रपटांवर एक लांबलचक लेख लिहिला. आपल्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर तिने 'द ब्रेकफास्ट क्लब' पाहिला होता, आणि २०१७ सालच्या 'मी टू' चळवळीनंतर तिला तो पुन्हा आठवत राहिला. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. टेबलाखाली लपलेला मुलगा तिच्या स्कर्टखाली पाहतो आणि पुढे तिला हात लावतो असं सूचित होतं. तो क्षण दाखवायला दुसरी, प्रौढ बाई वापरली होती. तरीही मॉलीला आणि तिच्या आईला ते तेव्हाच खटकलं होतं, आणि आईने तसं बोलूनही दाखवलं होतं. शिवाय आणखी एक प्रसंग पटकथेत घातला गेला होता: शाळेच्या तलावात विवस्त्र पोहणारी शिक्षिका आणि तिला चोरून पाहणारे उपमुख्याध्यापक. मॉलीने तो काढा म्हणून ह्यूजकडे आग्रह धरला, आणि त्याने काढला. सोळा वर्षांची मुलगी, समोर दिग्दर्शक, आणि साल १९८४! मग "हल्लीच्या मुलांना वाईट वाटतं" असं कसं म्हणायचं? तेव्हाच्या मुलीलाही वाटत होतं. तिला विचारणारं कुणी नव्हतं, इतकंच.

तिसरा पुरावा लाँग डक डाँगचा. 'जायंट रोबॉट' हे आशियाई-अमेरिकन तरुणांचं नियतकालिक ज्यांनी काढलं, त्यांनी सांगून ठेवलंय की हा चित्रपट येण्याआधी शाळेत त्यांना ब्रूस ली म्हणून चिडवायचे, आणि नंतर 'डाँगर' म्हणून. ब्रूस ली निदान मारामारीत जिंकायचा तरी! ज्या मुलांना ही हाक ऐकावी लागली त्यांना १९८४ सालीच वाईट वाटलं होतं. दोन हजार अठराची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

आपल्याला हे दूरचं वाटत असेल तर त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट सांगते. 'सिक्स्टीन कँडल्स' मे १९८४च्या सुरुवातीला लागला, आणि त्याच मे महिन्यात 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' लागला. त्यात भारतातल्या एका राजवाड्यातली मेजवानी आहे: जिवंत साप आणि थंडगार माकडाचा मेंदू! अमरीश पुरी नरबळी देणारा पुजारी. पटकथेत बदल करा असं भारत सरकारने म्हटल्यावर त्यांनी चित्रीकरण श्रीलंकेत केलं, आणि इथे काही काळ त्या चित्रपटावर बंदी होती. तेव्हा "अहो, विनोद आहे, सोडून द्या" असं आपल्यापैकी कितीजण म्हणाले असते? पुढे 'सिम्पसन्स' मालिकेतल्या अपूचंही तेच झालं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या, तिशी ओलांडलेल्या एका मुलाने मला सांगितलं, की शाळेत त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. तो 'अपू'च होता. २०१७ साली हरी कोंडाबोलू या विनोदवीराने त्यावर माहितीपट काढला आणि २०२० साली अपूला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने ते काम सोडलं. आमचे जावई त्या माहितीपटाचे मोठे चाहते आहेत! मी त्यांना एवढंच म्हटलं, "मग त्या कोरियन मुलीच्या बाबांचं काय?" ते बराच वेळ गप्प राहिले.

चौथा पुरावा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तो चित्रपटांबाहेरचा आहे. १९८४-८५ च्या सुमारास मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ बाई अमेरिकेतल्या ३२ महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत सहा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी करत होत्या. १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चारपैकी एकीहून थोड्या जास्त मुलींनी चौदाव्या वर्षानंतर बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न अनुभवला होता, आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच. पण माझ्यातली भाषाशिक्षिका थबकली ती पुढच्या आकड्यापाशी. ज्यांच्या बाबतीत कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बलात्कार झाला होता, त्यांच्यापैकी साधारण चारात तिघींनी स्वतः तो शब्द वापरलाच नव्हता. त्यांच्याकडे अनुभव होता, पण त्याला नाव नव्हतं.

म्हणजे कॅरोलाइनचा प्रसंग पाहून चित्रपटगृहात ज्या मुली बसल्या असतील, त्यातल्या कित्येकींच्या पोटात खड्डा पडला असेल, आणि का पडला हे सांगायला त्यांच्याजवळ शब्दच नसेल. चहूकडे हशा. अशा वेळी माणूस काय करतो? हसतो!

आणि योगायोग पहा. ज्या इलिनॉय राज्यात ह्यूजच्या या गोष्टी घडतात, त्याच राज्यात लैंगिक अत्याचारांचा नवा कायदा १ जुलै १९८४ला लागू झाला, चित्रपट लागून दोन महिनेही झाले नव्हते. संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या व्यक्तीचाही त्यात विचार होता. त्याच १ जुलैला चित्रपटांसाठी तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारी नवी श्रेणी सुरू झाली. पण कारण होतं 'टेंपल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स'मधली मारझोड. कॅरोलाइनची कुणालाही आठवण नव्हती. रक्त दिसलं की पालक दचकत होते, बेशुद्ध मुलगी दिसली की हसत होते.

इथे ह्यूजवर अन्याय होऊ नये म्हणून 'द ब्रेकफास्ट क्लब'बद्दल नीट सांगायला हवं. हा चित्रपट प्रत्येक शिक्षकाने पाहावा. शनिवारी सकाळी पाच मुलांना शिक्षा म्हणून शाळेच्या ग्रंथालयात दिवसभर बसवलंय, आणि शिक्षा काय, तर "मी कोण आहे" यावर हजार शब्दांचा निबंध! (मी असल्या विषयावर निबंध दिला असता तर पालक भांडायला आले असते.) एक हुशार मुलगा, एक खेळाडू, एक श्रीमंत मुलगी, एक एकलकोंडी, एक दांडगट. दिवस संपेतो त्यांना कळतं की आपल्या कपाळावर चिकटवलेल्या पाट्यांहून आपण जास्त आहोत.

त्यातला खेळाडू मुलगा तिथे का आलाय? तर त्याने कपडे बदलण्याच्या खोलीत एका दुबळ्या मुलाच्या पार्श्वभागाला चिकटपट्टी लावली, आणि ती काढताना त्याची कातडी सोलून निघाली. 'पोर्कीज'मध्ये हाच प्रसंग हशासाठी दाखवला असता. ह्यूज तो दाखवतच नाही. तो मुलगा जमिनीवर बसून सांगतो, की आपल्या वडिलांना बरं वाटावं म्हणून आपण हे केलं, आणि सांगता सांगता त्याच्या मनात येतं, की तो मुलगा घरी जाऊन आपल्या वडिलांना हे कसं सांगेल? आणि तो रडायला लागतो.

मी हा प्रसंग तीनदा पाहिला. थट्टेची विटंबना कशी होते हे ह्यूजला पक्कं ठाऊक होतं. ज्याला हसलं गेलं तो घरी जाऊन काय करत असेल, हा प्रश्न त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. फक्त तो प्रश्न त्याने टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या मुलीबद्दल विचारला नाही. आणि आधीच्या वर्षी घंटेच्या आवाजाला हसल्या गेलेल्या मुलाबद्दलही नाही. ज्या मुलात त्याला स्वतःचं बालपण दिसलं, त्याच्यापर्यंत त्याची नजर पोचली. आपल्या सगळ्यांचं असंच असतं. माणूस क्रूर नसतो. त्याची नजर जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच तो दयाळू असतो.

माझ्या नोकरीतली एक आठवण सांगते. शाळेचं आणि मुलांचं नाव सांगत नाही. स्नेहसंमेलनात मुलांनी स्वतः लिहिलेलं विनोदी नाटुकलं बसवलं होतं. त्यात एक तोतरा नोकर होता. आपल्या रंगभूमीवर तोतरा माणूस हे हुकमी हशाचं पात्र, त्यामुळे त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तालमीत सगळा वर्ग लोळून हसायचा. वर्गात एक मुलगा खरोखर अडखळत बोलणारा होता, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचा तोच. पण मी पाहिलं, की इतरांचं हसू थांबलं तरी त्याचं थांबत नसे. जरा जास्तच वेळ चालायचं ते. मी नाटुकलं लिहिणाऱ्या मुलांना बोलावलं आणि म्हटलं, नोकर विसराळू करा. मुलं कुरकुरली. "बाई, सगळी मजाच गेली," म्हणाली. "तो स्वतःसुद्धा हसतो की!" हेही म्हणाली. पण बदललं. विसराळू नोकराला टाळ्या काही कमी पडल्या नाहीत. तो मुलगा पुढे पडदा ओढायला स्वतःहून आला. एवढंच. त्याच्याशी या विषयावर मी कधी बोलले नाही, तोही बोलला नाही.

त्यामुळे "तो स्वतःसुद्धा हसत होता" हा युक्तिवाद माझ्यापुढे चालत नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, चित्रपटाने काय एवढं बिघडतं? चित्रपट पाहून कुणी गुन्हेगार होतं असं मी म्हणतच नाही. पण हशा हीसुद्धा एक शिकवणी असते. कशाकडे गंभीरपणे पाहायचं नाही, हे ती शिकवते. १९९९ सालच्या 'अमेरिकन पाय'मध्ये मुलगा संगणकाच्या कॅमेऱ्यातून एका परदेशी मुलीला कपडे बदलताना गुपचूप सगळ्या मित्रांना दाखवतो. चित्रपटातला हा सगळ्यांत मोठा हशा. फजिती मुलाची होते, पण शाळा सोडून मायदेशी परत जावं लागतं मुलीला! २००४ साली अमेरिकेत अशा चोरून केलेल्या चित्रणाविरुद्ध कायदा झाला. २०१० साली न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात एका विद्यार्थ्याला त्याच्या खोलीतल्या सोबत्याने असंच कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि त्या मुलाने जीव दिला. भारतात २०१३ साली हा स्वतंत्र गुन्हा झाला. आता भारतीय न्याय संहितेत त्याला ७७वं कलम आहे. अकरा वर्षांत हशाचा विषय शोकसभेचा झाला. चित्रपट जबाबदार नाही, पण तो हशा आज तसाच्या तसा परत येणार नाही, आणि येऊ नये.

मग नात म्हणते तसं हे चित्रपट दाखवूच नयेत का? इथे माझं नातीशीही जमत नाही. पानं फाडून इतिहास शिकवता येत नाही. मॉली रिंगवाल्डनेही तिच्या लेखात तसं म्हटलेलं नाही. या चित्रपटांनी शाळेतल्या एकटेपणात आधार दिला असं सांगणारे कितीतरी लोक तिला भेटले आहेत, आणि तिला ते खरं वाटतं. तिचं म्हणणं असं, की बदल हवाच, पण भूतकाळ आठवणीत ठेवणंही हवं. २०१६ साली 'द ब्रेकफास्ट क्लब'ही त्या राष्ट्रीय सूचीत गेला, ते योग्यच झालं. २०२० साली 'गॉन विथ द विंड' एका वाहिनीने काढून टाकला आणि थोड्याच दिवसांत एका अभ्यासक बाईंचं प्रास्ताविक जोडून परत आणला. मला हा मार्ग बरा वाटतो. आपल्याकडे जुन्या पोथ्यांना टीपा जोडतात, तसंच हे.

आणि खरं सांगू? घरात प्रास्ताविक करायला अभ्यासक बाईंचीही गरज नाही. शेजारी बसायला एक मोठं माणूस लागतं. तुमच्या नातवंडांना तुमच्या आवडीचा जुना चित्रपट जरूर दाखवा, मग तो अमेरिकेतला असो की आपला. आपल्याही जुन्या विनोदी चित्रपटांत जाड्या बायका, काळ्या मुली, बायकी चालीचे पुरुष यांच्यावर कितीतरी हशा उभा आहे! फक्त दाखवताना मोबाईल बाजूला ठेवा आणि पडद्याबरोबर मुलांच्या चेहऱ्यांकडेही पाहा. एखादं मूल हसत नसेल, किंवा जरा जास्तच वेळ हसत असेल, तर चित्रपट दोन मिनिटं थांबवा. भाषण देऊ नका, मुलांना त्याचा भयंकर कंटाळा येतो. "काय झालं रे?" एवढंच विचारा. उत्तर आलं तर ऐका, नाही आलं तर पुढे चालू करा. विचारलं गेलं, हे त्याच्या लक्षात राहतं.

"हल्ली लोकांना कशाचंही वाईट वाटतं" हे वाक्य आता मी ऐकलं की मला वर्गातलं ते एक मूल दिसतं. १९८४ सालच्या प्रत्येक चित्रपटगृहात ते बसलेलं होतं, कुठल्या तरी मधल्या रांगेत, अंधारात. चाळीस वर्षांत त्याच्या कातडीची जाडी कमी झालेली नाही. त्याच्या हातात शब्द आले आहेत आणि ते आता बोलू लागलं आहे. आपण एवढी वर्षं मुलांना हेच तर शिकवत होतो ना, की उभं राहून, मोठ्याने आणि स्पष्ट बोला?